वजराईची जंगलवाट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

साताऱ्याच्या पश्चिमेला, कास तलावाच्या पलीकडे भांबवली हे गाव आहे आणि त्या गावाजवळच्या जंगलात वजराई धबधबा आहे. गाडी लावल्यापासून धबधब्यासमोर पोहोचेपर्यंत सामान्य चालीने साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, वाटेत दोर लावावा लागेल असा कडा नाही, आणि रोज थोडेफार चालण्याची सवय असलेला कोणीही माणूस ही वाट करू शकतो. तरीही पाय मुरगळून, गुडघा फोडून किंवा नुसते भिजून कुडकुडत, धबधबा न पाहताच परतणारी माणसे येथे भेटतात. याचे कारण असे, की ही वाट सोपी की अवघड हे चढउतारापेक्षा त्या दिवशी डोंगरावर पडलेल्या पाण्यावर ठरते. जी वाट सप्टेंबरच्या कोवळ्या उन्हात आजीचा हात धरून नातवाला करता येते, तीच जुलैच्या झडीत धडधाकट तरुणालाही अर्ध्यातून परत फिरवते. म्हणून पुढील सर्व सूचनांमागे पाण्याचा अंदाज घेणे हे एकच सूत्र आहे, आणि त्याची सुरुवात घरातून निघण्याआधीच होते.

दिवस कोणता निवडावा

जून महिन्यात धबधबा नुकता जागा होत असतो. पहिल्या सरी पडल्या की समाजमाध्यमांवर छायाचित्रे फिरू लागतात आणि गर्दी लोटते, पण नवख्याने या दिवसांत घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उन्हाळाभर तापलेल्या दगडांवर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे नवे शेवाळ धरते ते फार घातकी असते आणि डोळ्यांना नीट दिसतही नाही. जुलै आणि ऑगस्टचा पूर्वार्ध हा भर पावसाचा काळ. तेव्हा पाणी अफाट असते. मात्र धुके इतके दाट उतरते की कित्येकदा धबधबा फक्त ऐकू येतो. अशा दिवशी तासभर थांबूनही पांढऱ्या पडद्यापलीकडे काहीच न दिसण्याची तयारी ठेवावी. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ पहिल्या भेटीसाठी सर्वांत चांगला आहे, कारण तेव्हा पावसात खंड पडतो, पाणी भरपूर असते आणि वाट पायांनी मळलेली असते. ऑक्टोबरमध्ये आकाश निरभ्र आणि वाट बरीच कोरडी मिळते. पाणी कमी होते, पण लहान मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर मी हाच महिना सुचवेन. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते.

सप्टेंबरमध्ये एक अडचण मात्र असते. याच काळात कास पठारावर फुलांचा हंगाम भरात असतो. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, त्यातील स्थळांत कासचा समावेश आहे, आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या गाड्यांची संख्या वाढतच गेली आहे. शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर वाहने मुंगीच्या गतीने सरकतात आणि अनेकदा वाहतूक एकेरी केली जाते. त्यामुळे शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस धरावा. सुट्टीच्याच दिवशी जावे लागले, तर सकाळी सातच्या आत सातारा सोडावे.

हवामानाचा अंदाज पाहताना बहुतेक लोक एक चूक करतात, ती अशी की ते 'सातारा' असे टाकून येईल तो अंदाज पाहतात. सातारा शहर सह्याद्रीच्या आडोशाला आहे. शहरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास. शहरातल्या राजवाडा भागात ऊन पडलेले असते तेव्हा कासला छत्री उलटी करणारा वारा-पाऊस चालू असतो, हा साताराकरांच्या नित्याच्या अनुभवातला भाग आहे. भारतीय हवामान विभाग घाट विभागाचा अंदाज वेगळा देतो, तोच पाहावा. त्यात 'मुसळधार' हा शब्द २४ तासांत साधारण ६५ ते ११५ मिलिमीटर पावसासाठी, 'अति मुसळधार' हा त्यापुढे २०४ मिलिमीटरपर्यंतच्या पावसासाठी वापरला जातो. साताऱ्याच्या घाटभागाला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशीचा बेत रद्द करावा, आणि पिवळा इशारा असेल तर आदल्या दोन दिवसांत किती पाऊस झाला हेही पाहावे. कारण डोंगर आधीच पाणी पिऊन तुडुंब झालेला असेल, तर पुढचा मध्यम पाऊसही थेट ओढ्यांत उतरतो.

अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन धबधबे आणि इतर पर्यटनस्थळे बंद ठेवण्याचे आदेश काढते. पूर्वी असे मनाईचे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदल्या संध्याकाळी स्थानिक बातम्या पाहिल्या की हे कळते. एक ठिकाण बंद आहे म्हटल्यावर जवळचे दुसरे, कठडा नसलेले ठिकाण शोधत फिरण्याची जी प्रवृत्ती दिसते ती मला बंदीच्या मूळ कारणापेक्षाही धोकादायक वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये ठोसेघर धबधब्याच्या रस्त्यावरील बोरणे घाटात सेल्फी घेताना एक पर्यटक दरीत कोसळली आणि तिला दोराच्या साहाय्याने वर काढावे लागले. ती जागा धबधब्याचे प्रेक्षणीय ठिकाण नव्हतीच, तो रस्त्याकडेचा कडा होता.

अंगावर आणि पाठीवर काय असावे

बुटांपासून सुरुवात करू, कारण या वाटेवर अर्धे काम तेच करतात. तळाला खोल खाचा असलेले, घोट्यापर्यंत घट्ट बसणारे आणि आधी दहा-बारा वेळा वापरून पायाला सरावलेले बूट घालावेत. नवे कोरे बूट या वाटेवर पहिल्यांदा घालणे टाळावे. चप्पल, सँडल, गुळगुळीत तळाचे कॅनव्हासचे बूट आणि शेतातले गमबूट, हे चारही येथे निरुपयोगी आहेत. गमबुटात तर ओढा ओलांडताना पाणी भरते आणि पाय उचलणेच जड होते. बूट भिजणारच आहेत, तेव्हा ते कोरडे ठेवण्याच्या खटपटीत दगडावरून दगडावर उड्या मारू नयेत. बहुतेक लोक पडतात ते अशाच उड्यांत.

कपडे लवकर वाळणारे असावेत. जीन्स भिजली की गुडघ्याला आवळते आणि वजनाने खाली ओढते. पूर्ण लांबीची सैलसर पँट घालून तिची टोके मोज्यांत खोचावीत, म्हणजे जळवांना वर चढायला वाट मिळत नाही. छत्री साताऱ्यातच ठेवावी. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही आणि एक हात अडकवून ठेवते. गुडघ्यापर्यंत येणारा रेनकोट आणि कान झाकणारी टोपी पुरते. या भागातले शेतकरी भातलावणीला डोक्यावरून पाठीवर इरले घेतात ते त्यासाठीच: दोन्ही हात मोकळे राहतात.

पाठीवरच्या पिशवीत माणशी एक लिटर पाणी, चिक्की किंवा शेंगदाणे-गूळ असे काहीतरी ताकद देणारे खाणे, एक क्रेप बँडेज, जखमेला लावण्याचे औषध, रोजची औषधे, छोटी विजेरी आणि शिट्टी असावी. हे सर्व आधी प्लास्टिकच्या जाड पिशवीत आणि मग पाठपिशवीत भरावे. पाठपिशवीवरचे आवरण येथल्या पावसाला पुरे पडत नाही. जळवांसाठी थोडे मीठ कापडाच्या पुरचुंडीत बांधून खिशात ठेवावे. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल गाडीतच ठेवावेत, आणि ते विसरू नयेत, कारण भिजलेल्या अंगाने घाटातून खिडकी उघडी टाकून तासभर प्रवास केला की लहान मुले हमखास आजारी पडतात.

हातात काठी हवी. खांद्याएवढी, अंगठ्याहून थोडी जाड आणि सरळ. चालायची दुकानातली दुमडणारी काठी असेल तर उत्तम, नसेल तर घरून बांबूची आणावी. वाटेवरचे झाड तोडून काठी करू नये.

साताऱ्याहून भांबवलीपर्यंत

साताऱ्यात राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे आले की यवतेश्वरच्या घाटाचा रस्ता लागतो. घाट चढताच शहर खाली पडते आणि हवा बदलते. येथून पुढे रस्ता डोंगराच्या सोंडेवरून पश्चिमेकडे जातो. कास पठार शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. पठार आणि पुढचा कास तलाव मागे टाकल्यावर बामणोलीकडे जाणारा रस्ता सोडून भांबवलीकडे वळावे लागते. वळणावर खात्री नसेल तर तेथील टपरीवर विचारून घ्यावे, कारण मोबाइलची रेंज या पट्ट्यात भरवशाची नाही आणि नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर ऐन वेळी तो उघडत नाही. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्यावे.

घाटात धुके असेल तर गाडीचे दिवे खाली वाकवून म्हणजे डिपरवर ठेवावेत. प्रखर दिवा धुक्यावर आपटून उलट डोळ्यांवर येतो. वळणावर हॉर्न द्यावा आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. भर पावसात यवतेश्वरच्या घाटात दरडी येतात, म्हणून कड्याच्या पायथ्याशी छायाचित्रासाठी गाडी उभी करू नये. एसटीने यायचे असल्यास साताऱ्याहून बामणोलीकडे जाणाऱ्या गाड्या कासवरून जातात, परंतु त्या मोजक्या आहेत आणि कासपासून भांबवलीपर्यंतचे अंतर वेगळ्या सोयीने कापावे लागते. उतरतानाच वाहकाला परतीच्या गाडीची वेळ विचारून ती लिहून ठेवावी. पहिल्या खेपेला चार-पाच जणांनी मिळून गाडी करणे सोयीचे पडते.

नाक्यावर

धबधब्याच्या वाटेच्या तोंडाशी गावाच्या वन व्यवस्थापन समितीची माणसे असतात. तेथे शुल्क भरून पावती घ्यावी. पन्नास-शंभर रुपयांवरून हुज्जत घालणारे शहरी पर्यटक पाहिले की मला संकोच वाटतो. वाटेवरच्या फांद्या दूर करणे, कचरा उचलणे आणि कोणी अडकले तर पहिल्यांदा धावून जाणे हे याच गावकऱ्यांच्या वाट्याला येते. पावती घेताना तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: काल रात्री पाऊस किती झाला, ओढ्याला पाणी किती आहे, आणि सकाळपासून गेलेले लोक परत आले आहेत का. "ओढा चढलाय, आज नको" असे उत्तर आले, तर त्यावर वाद न घालता गाडी वळवावी. आपण किती जण आहोत हेही त्यांना सांगून ठेवावे.

गावातील वाटाड्या घेता आला तर पहिल्या वेळी जरूर घ्यावा. धुके असताना ढोरवाटा आणि मुख्य पायवाट यांतला फरक नवख्याला कळत नाही. शिवाय जेवणाची सोय गावातील घरांत होते का हेही येथेच विचारून सांगून ठेवावे, म्हणजे परतल्यावर गरम भाकरी आणि पिठले मिळण्याची शक्यता राहते.

जंगलातून चालताना

वाट झाडीत शिरली की उजेड कमी होतो. घाटमाथ्यावरचे हे जंगल जांभूळ, अंजन, पिसा अशा सदाहरित झाडांचे आहे; वाऱ्यामुळे झाडे फार उंच वाढत नाहीत, पण त्यांची छत्री एकमेकांत गुंतलेली असते, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही पुढे बराच वेळ आत पाणी टपटपत राहते. खाली कारवीची दाट झुडपे असतात. अंजनाच्या बुंध्यावर आणि फांद्यांवर शेवाळाचा जाड हिरवा थर असतो, त्यावर लहान नेचे उगवलेले दिसतात. हात लावून पाहण्याचा मोह होतो, पण दुसऱ्या एका कारणासाठी तो आवरावा. या भागात चापडा नावाचा विषारी साप झुडपांवर आणि फांद्यांवर गुंडाळी करून बसतो, आणि त्याचा हिरवा रंग पानांत इतका मिसळतो की हातभर अंतरावरूनही तो दिसत नाही. घसरताना आधारासाठी दिसेल ती फांदी पकडण्याची सवय येथे चालत नाही. काठी हवी म्हटले ते यासाठीही.

पाय कसे टाकावेत हे थोडे सविस्तर सांगतो. ओल्या वाटेवर टाच आधी टेकवून चालणारा माणूस घसरतो. पाऊल सपाट, पूर्ण तळवा एकदम टेकेल असे आणि नेहमीपेक्षा आखूड टाकावे. वाटेत आडव्या पसरलेल्या मुळांवर पाय देऊ नये, ती ओलांडावीत, कारण साल सोललेले ओले मूळ साबणाच्या वडीइतके निसरडे असते. दगड निवडताना रंग पाहावा. राखाडी, खरबरीत, मधूनमधून कोरडा दिसणारा दगड पाय धरतो; काळाभोर, चकाकणारा किंवा हिरवट झाक असलेला दगड धरत नाही. शंका असेल तेथे काठीचे टोक दगडावर टेकवून दाबावे, टोक सरकले तर पायही सरकणार. उतारावर गुडघे किंचित वाकवून, अंग थोडे पुढे ठेवून उतरावे. मागे रेलले की पाय पुढे निसटतो आणि माणूस पाठीवर पडतो. फारच निसरडी उतरण आली, तर तोंड डोंगराकडे करून उतरण्यात कमीपणा मानू नये.

गटातील सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवावे, वाट माहीत असलेल्याने सर्वांत पुढे आणि दमदार माणसाने सर्वांत शेवटी चालावे. मागचा माणूस दिसेनासा झाला की पुढच्यांनी थांबावे. बोलत चालायला हरकत नाही, उलट ते चांगलेच. या डोंगरात गवे आणि अस्वले आहेत, आणि माणसांची चाहूल आधी लागली तर ती आपण होऊन बाजूला होतात. गवा दिसलाच तर त्याला वाट मोकळी ठेवून शांत उभे राहावे. मात्र गाणी लावण्याची कर्णे जंगलात आणू नयेत. पावसाळा सरल्यावर कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात, तेव्हा धूर करणे तर पूर्ण वर्ज्य आहे.

आता जळवांविषयी, कारण नवख्यांचे निम्मे प्रश्न त्यांच्याबद्दलच असतात. पावसाळी जंगलात जळवा असणारच, त्या टाळता येत नाहीत, आणि त्यांच्यापासून गंभीर इजाही होत नाही. ओल्या पानाच्या कडेवर सुतळीच्या तुकड्यासारखी उभी राहून हलणारी जळू नीट पाहिली तर दिसते. आपली ऊब आणि पावलांचा हादरा तिला कळतो आणि ती टोकाटोकाने वाकत बुटावर चढते. चावा जाणवत नाही. मोजा लाल झाल्यावरच बहुतेकांना कळते, आणि रक्त गोठू न देणारा स्राव तिने सोडलेला असल्यामुळे जखम टाचणीएवढी असूनही रक्त बराच वेळ वाहते. चिकटलेली जळू ओढून उपटू नये. अंगठ्याचे नख कातडीला टेकवून तिच्या बारीक टोकाखाली सरकवावे, तेथे तिचे तोंड असते; ते सुटले की जाड टोक तसेच सोडवावे आणि तिला टिचकीने दूर उडवावे. मिठाने ती लगेच सुटते हे खरे, पण मीठ लागल्यावर ती पोटातला ऐवज जखमेवर ओकते, म्हणून मीठ मुख्यतः बुटांवर आणि मोज्यांवर चोळण्यासाठी वापरावे. गावातले लोक तंबाखूचे पाणी मोज्यांना लावतात, तेही चालते. जखम धुऊन चिकटपट्टी लावावी आणि पुढे चालावे. एका जागी उभे राहून सगळ्यांनी पाय तपासत बसले की तेवढ्या वेळात आणखी चार चढतात.

ओढा ओलांडताना

संपूर्ण वाटेवर खरोखर विचार करण्याची जागा हीच आहे. पाणी नितळ आहे का, तळ दिसतो का आणि पाणी पोटरीच्या खाली आहे का, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. तिन्हींचे उत्तर होय असेल तर ओढा ओलांडावा. पाणी गुडघ्याला लागत असेल आणि ओढ असेल, किंवा गढूळ असून तळ दिसत नसेल, तर धबधबा समोर ऐकू येत असला तरी परत फिरावे. ओलांडताना अरुंद जागा शोधू नये, कारण अरुंद जागी पाणी खोल आणि वेगाचे असते. पसरट, उथळ जागा निवडावी. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूस करावे, काठी समोर रोवावी आणि एका वेळी एकच पाऊल उचलत आडवे सरकावे. लहान मुलांना खांद्यावर घेऊन ओलांडण्यापेक्षा दोन मोठ्यांच्या मध्ये, दंड धरून न्यावे. मनगट हातातून निसटते.

ओढा जाताना जितका होता तितकाच येतानाही असेल असे धरून चालू नये. धबधब्यापाशी असताना पाऊस वाढला तर लगेच निघावे. परतताना पाणी चढलेलेच आढळले तर अलीकडच्या काठावर, पाण्यापासून वर, थांबून राहावे. डोंगरातले लहान ओढे जसे चटकन चढतात तसे पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत उतरतातही. अंधार पडण्याआधी हा अवकाश हाताशी असावा म्हणूनच दुपारी दोननंतर वाटेला लागू नये.

धबधब्यासमोर

वजराई तीन टप्प्यांत कोसळतो. त्याची एकूण उंची १,८४० फूट, म्हणजे सुमारे ५६० मीटर असल्याचे सर्वत्र लिहिले जाते आणि तो देशातील सर्वांत उंच धबधबा असल्याचा दावाही त्यावरून केला जातो. त्या वादात न पडता ते टप्पे पाहावेत. सह्याद्रीचा हा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे. त्यांतले काही थर कठीण आणि काही ठिसूळ असल्याने पाणी ठिसूळ थर पोखरत जाते आणि कठीण थराची पायरी मागे उरते. पठाराच्या माथ्यावर जांभा दगड आहे, तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. पाऊस उघडल्यावरही पुढे काही आठवडे धार चालू राहते ती यामुळे. उरमोडी नदीचा उगम याच परिसरात आहे. तीच पुढे सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीजवळ धरणात अडते आणि नंतर कृष्णेला मिळते.

धबधबा समोरून, अंतर राखून पाहावा. पाण्याखाली जाऊन उभे राहू नये, कारण पाण्याबरोबर वरून सुटे दगडही येतात आणि कोसळत्या पाण्याच्या आवाजात ते ऐकू येत नाहीत. खालच्या डोहात उतरू नये. फेसाळ पाण्यात तळाचा आणि ओढीचा अंदाज पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लागत नाही. प्रवाहातील मोठ्या दगडांवर डबा उघडून बसणे हा तर नवख्यांचा आवडता बेत असतो आणि तोच सर्वांत वाईट. वरच्या पठारावर पडलेल्या पावसाचे पाणी खाली पोहोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे आपल्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात उभे असलेले एक कुटुंब अशाच वाढलेल्या पाण्याने वाहून गेले. लोंढ्याची चिन्हे ओळखून ठेवावीत: नितळ पाण्याला तांबूस झाक येते, काटक्या आणि पाने एकाएकी जास्त वाहून येऊ लागतात, आवाजाचा खर्ज वाढतो. यांपैकी एकही चिन्ह दिसले की सामान गोळा करत न बसता दोन्ही काठांपैकी जवळच्या काठावर उंच जागी चढावे.

छायाचित्रे काढायची असतील तर आधी उभे राहण्याची जागा पक्की करावी आणि मग मोबाइल बाहेर काढावा. पडद्याकडे पाहत मागे सरकणे कटाक्षाने टाळावे. तुषारांमुळे काचेवर थेंब साचतात, तेव्हा सुती रुमाल छातीच्या खिशात कोरडा ठेवावा. येथे तास-दीड तास पुरतो. कोणी थरथरू लागले, ओठ निळसर दिसू लागले किंवा मूल एकदम गप्प झाले, तर ते गारठले आहे असे समजून त्याला गूळ-शेंगदाणे द्यावेत आणि सर्वांनी परतीला लागावे. खाण्याची वेष्टने, बाटल्या आणि फळांच्या सालीसुद्धा पिशवीत भरून परत न्याव्यात.

हे ठिकाण जमत नसेल तर

गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना ही वाट झेपणार नाही. त्यांच्यासाठी ठोसेघर बरे, तेथे पायऱ्या आणि कठड्याचा सज्जा आहे. महाबळेश्वरजवळ वेण्णा नदीवरचा लिंगमळा धबधबा थोड्याशा जंगलवाटेने गाठता येतो. कोयनानगरच्या पुढे नवजाजवळचा ओझर्डे धबधबाही देखणा आहे, पण नवजाचा पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसांपैकी एक आणि परिसर अभयारण्याचा, म्हणून तेथे वनविभागाच्या वेळा पाळाव्या लागतात. सडावाघापूरचा उलटा धबधबा मात्र मी नवख्यांना सांगत नाही, कारण ज्या वाऱ्याने पाणी वर उडते तोच वारा कड्यावरच्या माणसालाही ढकलत असतो.

परतल्यावर

नाक्यावर सर्व जण परत आल्याचे सांगावे. गाडीत बसण्यापूर्वी बूट-मोजे काढून बोटांच्या बेचक्यांत, गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली जळवा पाहाव्यात. एखादी आत राहिली तर ती घरी अंथरुणात सापडते. कोरडे कपडे घालून मगच जेवायला बसावे. जळूच्या चाव्याला आठवडाभर खाज येते, ती खाजवू नये. चट्टा लाल होऊन पसरू लागला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. साप चावल्याची नुसती शंका असली तरी जखमेवर पट्टा आवळणे किंवा चिरा देणे असले काही न करता, माणसाला न चालवता, साताऱ्याच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. रेंज मिळताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि कोणी अडकले असल्यास ११२ वर कळवावे. संध्याकाळी पाचनंतर यवतेश्वरच्या घाटात धुके पुन्हा दाटू लागते, तेव्हा चारच्या सुमारास भांबवली सोडावी आणि कास तलावापाशी मक्याच्या कणसांसाठी थांबायचे असेल तर तो वेळ यातच धरावा.